महायुद्ध, आपला मुलूख आणि शिकलेले हात



आपल्यापैकी अनेकांच्या घरी आजीच्या पेटीत किंवा जुन्या डब्यात मध्ये गोल भोक असलेला तांब्याच्या रंगाचा पैसा सापडतो. मुले तो दोऱ्यात ओवून खेळतात. पण ते भोक का पाडले असेल, असा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाही. तो पैसा १९४३ साली चलनात आला. त्या वेळी दुसरे महायुद्ध चालू होते आणि तांबे काडतुसांना, तोफगोळ्यांना व तारांना हवे होते. प्रत्येक पैशातून चिमूटभर धातू वाचविला, तर कोट्यवधी पैशांमागे केवढा साठा वाचेल, असा तो हिशेब होता. याच कारणाने १९४० मध्ये चांदीच्या रुपयातील चांदी निम्म्यावर आणली गेली आणि एक रुपयाची कागदी नोट लोकांच्या हाती आली.

राष्ट्र युद्धाला उभे राहते तेव्हा युद्ध केवळ सीमेवर राहत नाही. ते गरिबाच्या कनवटीच्या पैशापर्यंत येऊन पोहोचते. पाठ्यपुस्तकात आपण लढायांच्या तारखा आणि सेनापतींची नावे वाचतो. त्या लढायांमागे अन्न, कापड, लोखंड, रेल्वे, पैसा आणि माणसे कशी गोळा केली गेली, ही गोष्ट मात्र मागे पडते. या लेखात ती गोष्ट आपल्या मुलखाच्या अंगाने पाहावयाची आहे.

तयारी म्हणजे काय?

आधुनिक युद्धात एका लढणाऱ्या शिपायामागे शेतात, खाणीत, गिरणीत, रेल्वेत आणि दवाखान्यात कित्येक माणसे राबत असतात. म्हणून मोठे युद्ध आले की सरकारला चार गोष्टी कराव्या लागतात. माणसांची वाटणी करावी लागते : कोणी बंदूक घ्यावी आणि कोणी यंत्रावर राहावे. कारखान्यांचे काम बदलावे लागते. धान्य व कापड यांवर नियंत्रण ठेवावे लागते. आणि या सगळ्यासाठी पैसा उभा करावा लागतो.

अमेरिकेने फेब्रुवारी १९४२ मध्ये खासगी मोटारींचे उत्पादन बंद केले आणि तेच कारखाने रणगाडे व विमाने यांच्या कामाला लावले. फोर्ड कंपनीच्या विलो रन येथील कारखान्यातून पुढे ऐन भरात तासाला एक बाँबफेकी विमान बाहेर पडत होते. रशियाने १९४१ च्या उत्तरार्धात सुमारे दीड हजार कारखाने सुटे करून आगगाडीने पूर्वेकडे हलविले आणि पुन्हा उभे केले. ब्रिटनने त्याच वर्षाच्या डिसेंबरात स्त्रियांनाही राष्ट्रीय सेवेच्या कायद्याखाली आणले. या देशांत हालअपेष्टा कमी नव्हत्या. पण ब्रिटन-अमेरिकेत निर्णय घेणारे सरकार लोकांनी निवडलेले होते, आणि भार वाटून घ्यावयाचा आहे ही भावना घरोघर होती.

विचारले कोणाला?

आपल्याकडे नेमके उलट घडले. ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांनी हिंदुस्थान युद्धात उतरल्याचे जाहीर केले. निवडून आलेल्या कोणत्याही सभेला त्यांनी विचारले नाही. निषेध म्हणून काँग्रेसच्या प्रांतिक मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. आपला भाग तेव्हा मध्यप्रांत व वऱ्हाडात मोडत असे. तेथील रविशंकर शुक्ल यांचे मंत्रिमंडळही नोव्हेंबर १९३९ मध्ये पायउतार झाले आणि कारभार गव्हर्नरच्या हाती गेला.

मौलाना अबुल कलाम आझाद १९४० पासून काँग्रेसचे अध्यक्ष होते. जगात लोकशाहीसाठी लढतो म्हणणाऱ्यांनी हिंदुस्थानला लोकशाही का नाकारावी, हा काँग्रेसचा प्रश्न सरकारपुढे मांडण्याचे काम त्यांच्याकडे आले. ऑगस्ट १९४२ मध्ये त्यांना अटक झाली आणि त्यांना अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवण्यात आले. ते कैदेत असतानाच १९४३ मध्ये त्यांच्या पत्नी जुलेखा बेगम यांचे निधन झाले. अखेरची भेटही झाली नाही. त्याच ऑगस्टात आपल्या विदर्भात चिमूर, आष्टी आणि शेजारच्या तुमसर येथे लोक रस्त्यावर आले व गोळीबाराला बळी पडले.

एक बाजू ही. दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. १९३९ मध्ये दोन लाखांच्या आसपास असलेली हिंदी फौज १९४५ पर्यंत पंचवीस लाखांच्या घरात गेली. सक्तीची भरती न करता उभी राहिलेली ती जगातील सर्वांत मोठी फौज मानली जाते. त्यांतील सुमारे ८७ हजार जवान परत आले नाहीत. इम्फाळजवळ ६ एप्रिल १९४४ रोजी जमादार अब्दुल हाफिज आणि इटलीत १० जुलै १९४४ रोजी मराठा पलटणीचे नाईक यशवंत घाडगे यांनी प्राण दिले. दोघांनाही मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. कोणी पोटासाठी गेले, कोणी घराण्याच्या रिवाजाने, कोणी फॅसिझमविरुद्ध लढावे म्हणून. पलटणीत जाणारा आणि तुरुंगात जाणारा हे दोघेही याच मातीचे होते, हे विसरून तो इतिहास वाचता येणार नाही.

भंडारा-गोंदियाचा वाटा

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी वेगळा झाला. त्यापूर्वी तो भंडारा जिल्ह्याचाच भाग होता. युद्धाच्या दृष्टीने या मुलखाजवळ काय होते?

पहिली गोष्ट रेल्वे. मुंबई-नागपूर-हावडा हा लोहमार्ग गोंदियावरून जातो. बालाघाट-जबलपूरकडील आणि नागभीड-चांद्याकडील अरुंद मार्ग येथेच येऊन मिळत. जपानने मार्च १९४२ मध्ये रंगून घेतले आणि आघाडी हिंदुस्थानच्या पूर्व दारात आली. मग पश्चिमेकडून कलकत्त्याकडे जाणाऱ्या मार्गांचे महत्त्व एकदम वाढले. त्याच वेळी हिंदुस्थानातील इंजिने, डबे आणि शाखामार्गांचे उखडलेले रूळ मध्यपूर्वेतील आघाडीकडे पाठविले गेले होते. म्हणजे काम वाढले आणि साधने घटली. प्रवासी गाड्या कमी झाल्या, आणि जनतेने विनाकारण प्रवास करू नये असा प्रचार सुरू झाला. बंगाल नागपूर रेल्वे ही कंपनी १९४४ मध्ये सरकारने आपल्याकडे घेतली.

दुसरी गोष्ट बिरसीचा विमानतळ. गोंदियापासून बारा-एक किलोमीटरवरील ही धावपट्टी ब्रिटिशांनी १९४० मध्ये युद्धाच्या गरजेसाठी बांधली. युद्ध संपले आणि ती बराच काळ दुर्लक्षित राहिली. पुढे २००५ मध्ये तो तळ भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे आला आणि वैमानिकांना शिक्षण देणारी संस्था तेथे उभी राहिली. लढाईसाठी केलेली धावपट्टी विद्येच्या कामी आली, ही गोष्ट आपल्या मुलांना अवश्य सांगावी.

तिसरी गोष्ट मँगनीज. तुमसर तालुक्यातील चिखला आणि डोंगरी बुजुर्ग तसेच शेजारचा बालाघाट हा भाग या खनिजासाठी प्रसिद्ध आहे. मँगनीजवाचून चांगले पोलाद होत नाही, आणि पोलादावाचून तोफ नाही, रूळ नाही, जहाज नाही. या खाणी तेव्हा ब्रिटिश कंपनीच्या हाती होत्या. त्यांतूनच १९६२ मध्ये आजची ‘मॉइल’ ही कंपनी आकाराला आली.

चौथी गोष्ट भात. ब्रह्मदेशाचा तांदूळ येणे १९४२ मध्ये थांबले, तेव्हा देशातील प्रत्येक तांदूळपट्ट्यावर सरकारची नजर गेली. धान्याची ने-आण परवान्यावर आली, लेव्ही आली, रेशनकार्ड आले. रेशन, कंट्रोल, काळा बाजार, महागाई भत्ता हे शब्द आपल्या घरांत त्या काळातच रुळले. घड्याळसुद्धा सुटले नाही. १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत देशभरची घड्याळे एक तास पुढे होती.

कारखाने कसे उभे राहिले?

समुद्रमार्ग धोक्यात आल्यामुळे परदेशी माल येईना, आणि सुएझच्या पूर्वेकडील फौजांना तर सामान हवे होते. म्हणून ऑक्टोबर १९४० मध्ये दिल्लीत पूर्वेकडील देशांची परिषद भरली आणि पुरवठ्याचे केंद्र म्हणून हिंदुस्थान निवडला गेला. गणवेश, तंबू, बूट, काडतुसे, औषधे यांच्या मागण्यांचा पूर आला.

या संधीचा उपयोग ज्यांनी दूरदृष्टीने केला त्यांत आपले सोलापूरचे वालचंद हिराचंद हे एक. म्हैसूर संस्थानच्या साहाय्याने त्यांनी डिसेंबर १९४० मध्ये बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी स्थापन केली. पुढच्याच वर्षी तेथे जुळविलेले पहिले प्रशिक्षण विमान उडाले. युद्धामुळे १९४२ मध्ये सरकारने तो कारखाना ताब्यात घेतला. आजचे ‘हिंदुस्थान एरोनॉटिक्स’ हे त्याच रोपट्याचे झाड होय.

दुसरे नाव डॉ. ख्वाजा अब्दुल हमीद यांचे. अलीगढमध्ये जन्मलेल्या या विद्वानाने बर्लिनमध्ये रसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळविली आणि १९३५ मध्ये मुंबईत ‘सिप्ला’ ही औषध कंपनी स्थापन केली. युद्धामुळे युरोपातील औषधे येणे बंद झाले. जावा बेट जपानच्या हाती पडल्यावर क्विनाइनचा तुटवडा झाला. अशा वेळी देशात औषधे बनविणारे जे थोडे हात तयार होते, त्यांत या कंपनीचे हात होते. पालकहो, या ठिकाणी थोडे थांबावे. डॉ. हमीद यांनी युद्ध सुरू झाल्यावर रसायनशास्त्र शिकायला घेतले नव्हते. ती विद्या त्यांनी कित्येक वर्षे आधी घाम गाळून मिळविली होती. गरज आली त्या दिवशी त्यांचे शिक्षण तयार होते.

हुन्नर असलेले हात

युद्ध सुरू होताच सरकारच्या लक्षात आले की माणसे पुष्कळ आहेत, पण फिटर, टर्नर, वेल्डर, मोजमाप वाचू शकणारे कारागीर फारच थोडे आहेत. म्हणून १९४० मध्ये तांत्रिक कामगारांसाठी खास हुकूम निघाला. कुशल कारागीर कोणत्या कारखान्यात राहील, हे त्या हुकुमान्वये सरकार ठरवू शकत असे. त्यापाठोपाठ तांत्रिक शिक्षणाची मोठी योजना सुरू झाली. निवडक तरुणांना ‘बेव्हिन योजने’खाली इंग्लंडच्या कारखान्यांत शिकायला पाठविले गेले. जुलै १९४२ पासून व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरखाते डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याकडे आले. तांत्रिक शिक्षणाची ही योजना, सरकार-मालक-मजूर यांच्या त्रिपक्षीय परिषदा आणि परतणाऱ्या सैनिकांना काम मिळवून देणारी एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजेस यांच्याशी त्यांच्या खात्याचा संबंध होता.

युद्ध संपले तरी ही पेरणी वाया गेली नाही. उच्च तांत्रिक शिक्षणासाठी नलिनी रंजन सरकार यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिच्या शिफारशींतून खरगपूरची पहिली आय. आय. टी. निघाली. हिजली येथे ज्या इमारतीत इंग्रजांनी स्वातंत्र्यसैनिकांना डांबले होते, त्याच इमारतीत १९५१ मध्ये तिचे वर्ग सुरू झाले आणि उद्घाटनाला आले ते शिक्षणमंत्री मौलाना आझाद. खरगपूर हे गोंदियावरून हावड्याला जाणाऱ्या लोहमार्गावरच आहे. गावोगावच्या आय. टी. आय. ज्या कारागीर प्रशिक्षण योजनेखाली चालतात, ती १९५० मध्ये सुरू झाली. तिची मुळेही युद्धकाळातील त्या वर्गांत आहेत.

भार कोणी वाहिला?

आता हिशेबाची दुसरी बाजू. ब्रिटन हिंदुस्थानकडून माल घेई आणि त्याची किंमत लंडनमध्ये पौंडांच्या रूपाने हिंदुस्थानच्या खाती जमा करी. ती रक्कम युद्ध संपेपर्यंत मोकळेपणाने वापरता येत नव्हती. पण येथील शेतकऱ्याला, गिरणीला आणि शिपायाला तर रोख रुपये द्यावे लागत. म्हणून त्या जमेच्या आधारावर येथे नोटा छापल्या गेल्या. युद्धापूर्वी पावणेदोनशे कोटींच्या आसपास असलेल्या नोटा युद्धाअखेर सुमारे बाराशे कोटींवर गेल्या. माल मात्र त्या मानाने वाढला नाही. उलट धान्य, कापड, रॉकेल फौजेकडे जात होते. परिणाम एकच : महागाई. ज्याच्याजवळ माल होता तो श्रीमंत झाला आणि ज्याच्याजवळ केवळ रोजंदारी होती तो भरडला गेला. कर न लावता गरिबांकडून वसूल केलेला तो करच होता.

त्याची भीषण परिणती १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात झाली. सरकारी चौकशी आयोगाने मृतांचा आकडा १५ लाखांच्या आसपास सांगितला. नंतरच्या अभ्यासकांनी तो २० ते ३० लाखांपर्यंत नेला. मेले ते मुख्यतः भूमिहीन मजूर, कोळी आणि कारागीर. हिंदू-मुसलमान असा भेद भुकेने केला नाही.

आपल्या भागातही गरीब माणूस सुटला नाही. नागपूर-कामठीच्या मोमीन विणकरांना सूत मिळेनासे झाले. कोळसा कमी पडू लागला, तेव्हा स्त्रियांनी खाणीत जमिनीखाली काम करू नये ही बंदी १९४३ मध्ये उठविण्यात आली. ती पुन्हा लागू व्हायला १९४६ साल उजाडले. बिडी वळणाऱ्या हातांची दखल रीतसर घेतली गेली ती १९४४ मध्ये नेमलेल्या रेगे समितीच्या चौकशीत. आपल्या जिल्ह्यातील किती घरांची चूल बिडीवर पेटली, हे वाचकांना सांगायला नको. त्या कामगारांसाठी स्वतंत्र कायदा होण्यास मात्र १९६६ पर्यंत वाट पाहावी लागली.

यातून निष्कर्ष सरळ निघतो. राष्ट्र संकटात असते तेव्हा शिकलेल्या हाताला मागणी येते, त्याला पगार व मान मिळतो आणि नंतरही त्याचे हुन्नर त्याच्याजवळ राहते. न शिकलेल्या हातावर केवळ ओझे येते, आणि संकट संपताच तो हात पुन्हा रिकामा होतो.

स्वतंत्र देशाची तयारी

स्वातंत्र्यानंतर चित्र बदलले. १९६२ मध्ये चीनचे आक्रमण झाले, तेव्हा देश पुरेसा तयार नव्हता ही गोष्ट कबूल केली पाहिजे. पण या वेळी सरकार आपले होते. लोकांनी संरक्षण निधीत पैसे दिले, स्त्रियांनी अंगावरचे दागिने उतरवून दिले. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्राचे मुख्यमंत्रिपद सोडून संरक्षणमंत्री झाले. नवे शस्त्रास्त्र कारखाने काढताना सीमेपासून दूर असलेला मध्य भाग सोयीचा ठरला. त्या दशकात विदर्भात भंडाऱ्याजवळ जवाहरनगर, नागपूरजवळ अंबाझरी आणि चांद्याजवळ भद्रावती येथे कारखाने उभे राहिले. जवाहरनगरच्या कारखान्याने आपल्या भागातील अनेक तरुणांना कायमची नोकरी दिली. या कामात धोकाही असतो. २४ जानेवारी २०२५ रोजी तेथे झालेल्या स्फोटात कामगारांना प्राण गमवावे लागले. सीमेवर न जाताही देशासाठी प्राण जातात, याची ती आठवण आहे.

१९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींनी ‘जय जवान, जय किसान’ ही घोषणा दिली आणि आठवड्यातून एक वेळचे जेवण सोडण्याचे आवाहन केले. ते आवाहन हुकूम नव्हता, म्हणूनच घराघरांनी ते पाळले. त्या युद्धात बंगळूरच्या कारखान्यात बनलेली नॅट विमाने आकाशात लढली. जमिनीवर एका शिंप्याचा मुलगा, हवालदार अब्दुल हमीद, खेमकरणच्या रणांगणात शत्रूचे पॅटन रणगाडे फोडून १० सप्टेंबर रोजी शहीद झाला. त्याला परमवीरचक्र मिळाले.

त्याच काळातील एक कथा आपल्या सभांमधून नेहमी ऐकू येते. हैदराबादच्या निजामाने देशाला पाच टन सोने दान दिले, असे सांगितले जाते. उपलब्ध नोंदींप्रमाणे त्यांनी ऑक्टोबर १९६५ मध्ये ४२५ किलो सोने संरक्षण सुवर्ण योजनेत व्याजाने गुंतविले होते. ही गोष्टही लहान नाही. पण गुंतवणुकीला दान म्हणणे इतिहासाच्या दृष्टीने बरोबर नव्हे. आपल्या समाजाने या देशासाठी जे खरोखर केले, ते फुगवून सांगण्याची गरजच नाही. खरी हकीकत पुरेशी आहे.

आपण काय घ्यावे?

विद्यार्थी मित्रांनो, युद्धाची थोरवी गाण्यासाठी हा लेख लिहिलेला नाही. युद्ध ही आपत्तीच होय, आणि ते टळावे हीच दुवा आपण करावी. परंतु राष्ट्राची जी ताकद युद्धात दिसते, ती शांततेत तयार होत असते. शाळेत, कार्यशाळेत, प्रयोगशाळेत आणि शेतात ती थोडी थोडी जमते. दुष्काळ असो, महापूर असो की २०२० सालासारखी रोगाची साथ असो, त्या वेळी देशाला तीच ताकद कामी येते.

आपल्या दीनमध्ये इल्म मिळविणे फर्ज मानले आहे. तरीही दहावीच्या आधी शाळा सोडणारी मुले आपल्या मोहल्ल्यांत आहेत. मुलगा चार पैसे आणू लागला की शाळा सुटते. मुलगी मोठी झाली की तिची शाळा सुटते. पालकहो, आज त्या चार पैशांची गरज खरी आहे, हे कोणी नाकारीत नाही. परंतु वरचा इतिहास हेच सांगतो की रोजंदारीचा रुपया महागाई खाऊन टाकते आणि हातातले हुन्नर कोणालाही खाता येत नाही. ज्याला दहावीनंतर पुढे शिकणे शक्य नाही, त्याने निदान आय. टी. आय. चा एखादा व्यवसाय पुरा करावा. ज्याला शक्य आहे, त्याने विज्ञान, औषधनिर्माण, अभियांत्रिकी यांचा मार्ग धरावा. मुलींना यातून वगळू नये. खाणीत ओझी वाहण्यासाठी ज्यांना बोलावले गेले, त्यांच्या नाती-पणत्या प्रयोगशाळेत उभ्या राहिल्या पाहिजेत.

देशाला आपली गरज कधी पडेल, हे कोणी सांगू शकत नाही. त्या दिवशी आपल्या मुलांच्या हाती काय असेल, ते मात्र आज, या वर्षीच्या प्रवेशाच्या वेळी, आपण ठरवीत असतो.